पन्नास टक्के म्हणजे नेमके किती?

मे महिन्यातली दुपार, साडेबाराची वेळ, कल्याण-शिळ रस्त्यावर काटई नाक्याची नेहमीची रांग. माझ्यापुढे एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन पांढऱ्या गाड्या होत्या. वाहतूक पोलिसाने पहिलीला जाऊ दिले आणि दुसरी कडेला घ्यायला लावली. दुसरीच्या काचा फार काळ्या होत्या म्हणावे तर तसेही नाही, उलट पुढे निघून गेलेल्या गाडीपेक्षा जरा उजळच. चालक खाली उतरून तेच सांगत होता, "साहेब, त्याच्या काचा माझ्यापेक्षा काळ्या आहेत. त्याला सोडलंत आणि मला पकडता?" हवालदारांनी उत्तर दिले नाही. दाराची काच दोन बोटे खाली घ्यायला लावली, वरच्या कडेला नख लावले आणि एक पातळ पापुद्रा उचकटून दाखवला. "ही फिल्म. त्याची काचच तशी आहे."

रांग सरकली आणि मीही सरकलो. पण कोडे डोक्यात राहिले. जास्त काळी गाडी सुटते आणि कमी काळी दंड भरते, हा काय न्याय?

या कोड्यात माझा स्वतःचाही हात पोळला होता. काही वर्षांपूर्वी मी एक जुनी गाडी घेतली. विकणाऱ्याने काचांवर फिल्म लावूनच दिली होती. "पन्नासची आहे, कायद्यात बसते," असे तो छातीठोकपणे म्हणाला होता. नियमात पन्नास टक्के हा आकडा आहे हे मलाही ऐकून माहीत होते, त्यामुळे मी मान डोलावली. त्याचे वाक्य दोन ठिकाणी चुकीचे होते, हे मला दंडाची पावती हातात आल्यावर कळले.

आकडा कशाचा?

पहिला घोळ शब्दांचा. दुकानात कोणी "तीस टक्के काळी" म्हणतो, कोणी "सत्तरची" म्हणतो आणि दोघे एकाच फिल्मबद्दल बोलत असतात. नियम काळेपणा मोजतच नाही. काचेच्या पलीकडून आलेल्या उजेडापैकी किती उजेड अलीकडे पोचतो, तो आकडा नियम धरतो. त्याला दृश्य प्रकाशाचे पारेषण म्हणतात. आपण सरळ 'आरपार उजेड' म्हणू. शंभर दाणे चाळणीवर टाकले आणि सत्तर खाली पडले, तर ती चाळणी सत्तर टक्क्यांची. म्हणजे आकडा जितका मोठा, तितकी काच उजळ. पाच टक्क्यांची फिल्म जवळपास आंधळी असते, तर सत्तरची लावली आहे हे चटकन कळतही नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० याबद्दल बोलतो. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. काच सुरक्षा काच हवी, तीही भारतीय मानक आयएस २५५३ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे. आणि गाडी कारखान्यातून निघताना काच अशी असून भागत नाही. ती पुढेही तशाच अवस्थेत *राखली* पाहिजे, असे नियम सांगतो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळे फिरले.

सेलमधली सूट

दुसरा घोळ गणिताचा, आणि भले भले त्यात फसतात. दिवाळीच्या सेलमध्ये पाटी असते: '५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के'. घाईत आपण सत्तर टक्के सूट धरतो. बिल होते तेव्हा हजाराच्या शर्टाचे आधी पाचशे होतात, मग त्या पाचशेवर वीस टक्के कमी होऊन चारशे. म्हणजे सूट साठ टक्केच. दुसरी सूट मूळ किमतीवर मिळत नाही, उरलेल्या किमतीवर मिळते.

काचेचे अगदी तसेच आहे. गाडीची काच कधीच शंभर टक्क्यांची नसते. हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या काचा मुळातच किंचित हिरवट असतात. त्यांत लोहाचा अंश असतो आणि त्यांतून साधारण ७० ते ८० टक्के उजेड आरपार जातो. आता ७५ टक्क्यांच्या काचेवर 'पन्नासची' फिल्म लावली. काच शंभरातला पंचाहत्तर उजेड आत सोडते आणि फिल्म त्या पंचाहत्तरातला निम्मा अडवते. आत पोचतो साडेसदतीस. पाकिटावर ५०, रस्त्यावर ३७.५. विकणाऱ्याचा आकडा खरा होता, पण तो नुसत्या फिल्मचा होता. नियमाचा आकडा काच आणि फिल्म मिळून जे उरते त्याचा असतो.

पुढच्या काचेचे तर आणखी अवघड. तिथे किनाराच ७० चा. ७५ टक्क्यांच्या काचेवर अगदी नव्वद टक्क्यांची, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही अशी फिल्म लावली तरी उरतात ६७.५. थोडक्यात, पुढच्या काचेवर काहीही चिकटवले की आकड्यांतच गडबड होते. वर धूळ आणि वायपरचे ओरखडे धरलेलेच नाहीत.

हे घरी करून पाहता येते. बहुतेक फोनमध्ये उजेड ओळखणारा सेन्सर असतो आणि तो आकडा दाखवणारी फुकट अ‍ॅप मिळतात. गाडी सावलीत उभी करा. फोन खिडकीच्या आत, तोंड बाहेर करून एका जागी टेकवा. काच खाली असताना आकडा लिहा, मग फोन न हलवता काच वर घेऊन पुन्हा लिहा. दुसऱ्याला पहिल्याने भागा. माझ्या त्या गाडीत काच खाली असताना ६,२०० दिसले आणि वर घेतल्यावर २,४००. म्हणजे ३९ टक्के. हा आकडा पोलिसांपुढे पुरावा म्हणून चालणार नाही, पण स्वतःची फसवणूक थांबवायला पुरतो.

महाराष्ट्राचा नियम कोणता?

माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो. मागच्या गणपतीत डोंबिवलीला आला होता तेव्हा त्याने सहज विचारले, "मामा, महाराष्ट्रात किती टक्के चालतात?" त्याच्या दृष्टीने प्रश्न बरोबर होता. अमेरिकेत हा विषय राज्याराज्याचा आहे. न्यू जर्सीत पुढच्या दारांच्या काचांवर बाजारातली फिल्म लावायला मुळात परवानगीच नाही. टेक्सासात त्याच काचेतून २५ टक्के उजेड आला तरी चालतो, फ्लोरिडात २८ टक्के. एका राज्यातली निर्दोष गाडी दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवले की दोषी.

आपल्याकडे तसे नाही. यांत्रिक वाहने हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीतला. पण गाडी कशी बांधलेली असावी, तिचे दिवे, ब्रेक, काचा कशा असाव्यात, हे केंद्राच्या नियमांत येते. त्यामुळे ठाण्याची एमएच-०४ असो, कल्याणची एमएच-०५ असो की बेळगावहून आलेली केए-२२, सगळ्यांना ७० आणि ५० हेच आकडे लागू. 'गोव्यात चालते' हे आपल्याकडे ठामपणे सांगितले जाणारे वाक्य आहे. गोव्यात पकडत नसतील तर ती गोष्ट वेगळी.

राज्याचा हात दुसरीकडे लागतो: अंमलबजावणीत आणि दंडाच्या रकमेत. गुन्हा जागच्या जागी तडजोडीने मिटवायचा असेल तर किती पैसे घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याने राज्याला दिला आहे. संसदेने २०१९ मध्ये कायदा सुधारून दंड वाढवले तेव्हा महाराष्ट्राने ते लगेच लागू केले नाहीत. आपल्याकडे नवे दर आले डिसेंबर २०२१ मध्ये. काळ्या फिल्मसाठी सहसा कलम १७७ लागते. पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा सापडल्यास १,५००. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर या सगळ्या पट्ट्यात हे काम ठाणे पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा करते. म्हणजे घोडबंदर रस्त्यावर झालेला दंड कल्याणच्या पत्री पुलावरच्या यंत्रातही दिसतो. आणि दंड भरल्याने फिल्म कायदेशीर होत नाही. सकाळी भरलेली पावती संध्याकाळी दाखवून सुटता येत नाही.

एक शब्द: 'राखली'

आता काटई नाक्यावरच्या कोड्याकडे. फिल्म लावूनही पन्नासच्या वर राहता येते ना? ८५ टक्क्यांच्या काचेवर सत्तरची फिल्म लावली तर ५९.५ उरतात. मग हरकत काय?

हरकत सर्वोच्च न्यायालयाची आहे. अविषेक गोएंका यांनी जनहित याचिका केली होती. गुन्हेगारांना काळ्या काचांमागे लपता येते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. २७ एप्रिल २०१२ रोजी सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. नियम काचेबद्दल बोलतो, असे न्यायालयाने धरले. काच कारखान्यातच त्या टक्केवारीची बनवावी आणि तशीच राखावी. नंतर तिच्यावर काही चिकटवून टक्केवारी खाली आणायची सोय नियमात कुठेच नाही. म्हणून काळी फिल्म, *कितीही टक्क्यांची असो*, किंवा दुसरे कुठलेही आवरण, पुढच्या, मागच्या वा बाजूच्या सुरक्षा काचांवर लावायला बंदी. ४ मे २०१२ पासून ती देशभर लागू झाली. नुसता दंड करून थांबू नका, फिल्म तिथल्या तिथे काढा, असेही पोलिसांना सांगितले गेले.

फिल्म बनवणारे, विकणारे पुन्हा न्यायालयात गेले. त्याच वर्षी ३ ऑगस्टला न्यायालयाने निकालात बदल करायला नकार दिला. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांच्या बाबतीत पोलीस प्रमुख आणि गृहसचिवांच्या समितीला विचार करता येईल, एवढीच फट ठेवली. बाकी कोणी 'माझे काका नगरसेवक आहेत' म्हणून चालत नाही. निदान कागदावर चालत नाही.

म्हणून ती पहिली गाडी सुटली. तिचा काळेपणा काचेच्या अंगात मुरलेला होता, कारखान्यातून मानकाप्रमाणे तपासून आलेला. दुसरीचा वरून चिकटवलेला. हवालदाराला काटई नाक्यावर उन्हात उभे राहून टक्केवारी मोजत बसावे लागू नये, हा या निकालाचा मोठा व्यावहारिक फायदा. नख लागले की विषय संपला.

[चौकट]
पुढची आणि मागची काच: किमान ७० टक्के आरपार उजेड.
बाजूच्या काचा: किमान ५० टक्के.
कारखान्यातूनच रंगवलेली काच, वरच्या मर्यादेत: चालते.
नंतर चिकटवलेली फिल्म: २०१२ पासून बंदी, टक्केवारी कोणतीही असो.
महाराष्ट्रात दंड: पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा १,५०० रुपये.
उभ्या गाडीत पुढे लावायचा चंदेरी घडीचा पडदा: चालतो. गाडी सुरू करण्याआधी काढायचा.
[चौकट समाप्त]

काळी म्हणजे थंड?

आता फिल्म लावणाऱ्याची बाजू. त्याला लपायचे नसते, त्याला ऊन लागते. एमआयडीसीत दिवसभर उभ्या राहिलेल्या गाडीचे स्टिअरिंग धरून पाहिले आहे का? तव्यावर हात ठेवल्यासारखे वाटते.

पण ऊन म्हणजे एकच चीज नाही. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचे तीन वाटे असतात. साधारण निम्मी किंवा थोडी जास्त ऊर्जा अवरक्त किरणांत असते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण अंगाला जाणवतात. चाळीस-पंचेचाळीस टक्के दृश्य उजेडात असते. उरलेली थोडीशी अतिनील किरणांत. त्वचा काळवंडते ती मुख्यतः या शेवटच्या वाट्याने. हा उजेड आणि अवरक्त किरण काचेतून आत शिरतात, डॅशबोर्ड आणि सीट ते शोषतात आणि तापतात. तापलेली सीटही उष्णता बाहेर टाकते, पण ती लांब तरंगलांबीची असते आणि काच तिला बाहेर जाऊ देत नाही. आत यायला दार उघडे, बाहेर जायला बंद.

काळी फिल्म प्रामुख्याने दृश्य उजेड अडवते, म्हणजे फार तर निम्म्या ऊर्जेचा बंदोबस्त. तोही पुरता नाही, कारण स्वस्त काळी फिल्म उजेड परत पाठवत नाही, पिऊन टाकते. फिल्म तापते, काच तापते आणि त्यातली काही उष्णता आतच येते. उन्हाळ्यात काळी छत्री घेतली तर डोक्यावर सावली पडते, पण कापडाला हात लावून पाहा. याउलट अवरक्त किरण अडवणारी काच जवळपास स्वच्छ दिसते. म्हणून डोळ्यांना काळी दिसणारी काच थंड असेलच असे नाही, आणि उजळ दिसणारी गरम असेलच असेही नाही. डोळा या परीक्षेत नापास होतो, कारण अवरक्त किरण त्याला दिसतच नाहीत.

शिवाय सर्वांत मोठी, आकाशाकडे तिरकी झुकलेली काच पुढची. बाजूच्या काचा काळ्या करून तिच्यातून येणारे ऊन कसे थांबणार? घराचे दार सताड उघडे ठेवून खिडकीला पडदा लावण्यासारखे आहे.

पुढच्या काचेबद्दल एक चांगली गोष्ट: ती दोन काचांचे सँडविच असते, मधे प्लॅस्टिकचा पातळ थर. तो थर अतिनील किरण जवळपास सगळेच अडवतो, आणि अपघातात काच फुटली तरी तुकडे धरून ठेवतो. दाराच्या काचा वेगळ्या. त्या तापवून झटकन थंड केलेल्या, कडक केलेल्या असतात. फुटल्या तर साखरेच्या खड्यांसारखे बोथट तुकडे होतात. पण त्यांतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो. म्हणून रोज ठाणे-कल्याण गाडी चालवणाऱ्याचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा होतो. यावर आपल्याकडच्या स्कूटरवाल्या मुलींनी फार पूर्वीच उपाय शोधला आहे. सनकोट. किंवा नुसत्या हाताच्या बाह्या. गाडीत घालायला लाज कसली?

संध्याकाळी सात वाजता

फिल्म लावलेले सगळे सांगतात, "मला तर आतून स्वच्छ दिसतं." दुपारी ते खरेच आहे. भर उन्हात बाहेर लाखभर लक्स उजेड असतो (लक्स हे उजेड मोजायचे माप). त्यातला साठ टक्के गेला तरी डोळ्याला पुरून उरतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली हाच आकडा दहा-वीस लक्सवर येतो. दिव्यांच्या मधल्या पट्ट्यात त्याहून खाली. लखपतीचे साठ टक्के गेले तरी त्याची चूल पेटते. वीस रुपयेवाल्याचे बारा गेले की त्याला वडापावही सुटतो.

आणि यातला एक मुद्दा गाडी चालवणारेही विसरतात. बाजूचा आरसा गाडीच्या बाहेर असतो. त्यात आपण बघतो ते दाराच्या काचेतून. म्हणजे आरशात दिसणारी प्रत्येक दुचाकी फिल्ममधून गाळून येते. जुलैतली पावसाळी संध्याकाळ, काचेवर थेंब, घोडबंदर रस्त्यावर डाव्या बाजूने घुसणारा काळ्या रेनकोटातला माणूस. त्याच्याकडून आलेल्या तोकड्या उजेडाचे साठ टक्के आपण स्वतःच्या खर्चाने अडवून ठेवलेले.

उलट्या दिशेनेही तेच. रस्ता ओलांडणारा माणूस आधी गाडीकडे बघत नाही, चालकाच्या चेहऱ्याकडे बघतो. "याने मला पाहिलं का?" हे तो त्या नजरेवरून ठरवतो. काळ्या काचेमागे चेहराच नसेल तर तो अंदाजाने पाऊल टाकतो.

केरळची बातमी

सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'फिल्मला परवानगी' म्हणून फिरला. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. केंद्राने २०२० मध्ये नियम १०० सुधारला आणि १ एप्रिल २०२१ पासून नुसत्या सुरक्षा काचेऐवजी 'सेफ्टी ग्लेझिंग' हा व्यापक शब्द आणला. आतल्या बाजूने प्लॅस्टिकचा थर असलेली काचही त्यात बसते. केरळच्या न्यायालयाने म्हटले, की नियमच बदलला आहे, तेव्हा मानकाप्रमाणे असलेली आणि ७०-५० ची मर्यादा पाळणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही.

मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण काटई नाका केरळात नाही. एका उच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्या राज्यावर बंधनकारक नसतो, सर्वोच्च न्यायालयाचा सगळ्यांवर असतो. नाक्यावर हवालदारांशी नियमातल्या शब्दावर वाद घालून आजवर कोणाचे चलान वाचलेले मी पाहिलेले नाही. आणि केरळच्या निकालातही आकडे तेच आहेत. 'पन्नासची' फिल्म ७५ च्या काचेवर तिकडेही साडेसदतीसच उरते.

माझ्या गाडीची फिल्म मी शेवटी घरीच काढली. हेअर ड्रायरने कोपरा गरम केला की ती सोलपटासारखी सुटते, डिंक मात्र मागे राहतो आणि दोन दिवस बोटांना चिकटतो. एक सांगतो, मागच्या काचेवर ब्लेड लावू नका. धुके घालवणाऱ्या तपकिरी तारा आतल्या बाजूलाच असतात आणि त्या फिल्मबरोबर खरवडून निघतात. माझ्या दोन गेल्या.

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा विकणाऱ्याला टक्केवारी विचारू नका. काच दोन बोटे खाली घ्या आणि वरची कडा उजेडात धरून पाहा. रंग काचेचाच असेल तर तो कडेपर्यंत जातो. फिल्म असेल तर ती कडेच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडे थांबते.